संबंधित व्यक्ती

मी पोटापाण्यासाठी माफी लिहिते. स्वतःची नाही, कंपनीची. इंग्लंडमध्ये मेडनहेडला बॉयलर बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी कम्युनिकेशन्समध्ये काम करते. ऐन थंडीत लोकांच्या घरचं गरम पाणी बंद पडलं, की मी लिहिते, 'काही ग्राहकांची गैरसोय झाल्याचं आमच्या लक्षात आलं आहे.' माझ्या आईला माझं काम इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पुण्यात ती सगळ्यांना सांगते, "ती तिकडे सॉरी म्हणायचा पगार घेते." तसं तिचं काही चुकत नाही.

या देशात तुम्ही एखाद्याच्या पायावर पाय दिलात, तर तोच तुम्हाला सॉरी म्हणतो. ट्रॉलीला धक्का लागला म्हणून ट्रॉलीला सॉरी म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तीच माणसं कंपनीच्या लेटरहेडवर आली, की त्यांची दातखीळ बसते. मध्ये वकील असतो, इन्शुरन्सवाला असतो. मग माझी गरज पडते. वाचणाऱ्याला वाटावं माफी मागितली, आणि वकिलाला वाटावं नाही मागितली, असं काहीतरी मी लिहून देते. सोम्यागोम्याला जमणारं काम नाही हे. मला त्याचा थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

तर एका शनिवारी सकाळी मी डोक्याला मेंदी थापून बसले होते, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. माझी ही मैत्रीण आधी बँकेत होती. पाचेक वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. मेडनहेडच्या बाहेर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एक टायरवाला आणि एक डान्स स्टुडिओ यांच्या मधोमध तिचं किचन आहे. भरली वांगी, मसालेभात, मटकीची उसळ असं डब्यांत भरून ती आसपासच्या फार्म शॉप्सना, म्हणजे शेतावरच्या दुकानांना, आणि रोपांबरोबर खाणंही विकणाऱ्या एका मोठ्या गार्डन सेंटरला देते. आणि तिच्या डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? तर 'पीनट फ्री'. इथे शाळेतल्या दर वर्गात एखाद्या पोराला शेंगदाण्याची अॅलर्जी असते, म्हणून गार्डन सेंटरने तशी अटच घातली होती. शेंगदाण्याशिवाय मराठी स्वयंपाक! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, उद्या तू पाण्याशिवाय पोहायचा क्लास काढशील. पण तिने तीळ आणि खोबरं वापरून ते जमवलं होतं.

"तुझ्या कामाचं आहे," ती फोनवर म्हणाली. "लगेच ये."

"माझ्या डोक्यावर मेंदी आहे."

"तशीच ये. एका मुलीचे ओठ सुजलेत."

मेंदीवर शॉवर कॅप चढवली आणि गाडी काढली.

किचनमध्ये मैत्रीण, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई होत्या. सासूबाईंना आम्ही सगळे काकू म्हणतो. काकू सोलापूरच्या. काका गेल्यावर मुलाकडे आल्या, आणि पहिली दोन वर्षं खिडकीशी बसून समोरच्या घराच्या कचऱ्याच्या बिन्स मोजत होत्या, हे त्यांनीच मला सांगितलेलं. कंपनी निघाली आणि काकू उभ्या राहिल्या. हाताखाली सहा बायका, त्यातल्या दोघी पोलिश. त्यांना काकूंचं मराठी कळायचं आणि काकूंना त्यांचं काहीच कळायचं नाही, पण काम चोख. डोक्यावर जाळी, अंगात पांढरा कोट, आणि त्या कोटावर मुलाने 'हेड शेफ' असं भरतकाम करून आणलेलं. ती अक्षरं वाचता येत नसली तरी रोज संध्याकाळी काकू तो कोट स्वतःच्या हाताने धुवायच्या. वॉशिंग मशीनचा त्यांना भरवसा नव्हता.

ईमेल कॉव्हेंट्रीहून आली होती. मागच्या आठवड्यात तिथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम झाला. जेवण मैत्रिणीच्या कंपनीचं होतं, आणि बाजूला तिच्या डब्यांचा एक स्टॉलही होता. एका बाईने त्या स्टॉलवरून भरल्या वांग्यांचा डबा घेतला, फ्रीजमध्ये ठेवला, आणि काल रात्रीच्या जेवणात नऊ वर्षांच्या मुलीला वाढला. मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी. दोन घासांत ओठ सुजले. इंजेक्शन घरात होतं म्हणून निभावलं, रात्रभर हॉस्पिटलमध्ये काढून सकाळी घरी आले. एवढं सगळं लिहून शेवटी ती बाई म्हणते, 'आय अॅम शुअर देअर इज अॅन एक्स्प्लनेशन.' इंग्रजांच्या देशात वाढलेली, दुसरं काय म्हणणार.

आम्ही आधी करायचं ते केलं. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फूड ऑफिसरला कळवलं. सगळ्या दुकानांना फोन करून वांगी शेल्फवरून काढायला लावली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मैत्रिणीने मोठ्या अक्षरात मेसेज टाकला: स्टॉलवरून भरली वांगी घेतली असतील तर कृपया खाऊ नका, डबा नंबर कळवा, जेवणानंतर कोणाला त्रास झाला असेल तर तेही कळवा. पहिलं उत्तर आलं, 'हॅपी पाडवा टू ऑल.' दुसरं आलं, 'रेसिपी प्लीज.' तिसऱ्या गृहस्थांनी लिहिलं, 'उशीर झाला. छान होती.' चौथ्याने हात जोडलेले पाठवले, ते कोणाला कोण जाणे. आपल्या माणसांना संकटाची सूचना द्यायची तर ती ग्रुपवर देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकले. मग मैत्रिणीचा नवरा यादी घेऊन एकेकाला फोन करत बसला.

आता प्रश्न उरला, हे झालं कसं. या किचनमध्ये शेंगदाणा येतच नव्हता. नवऱ्याचा संशय तिळाच्या सप्लायरवर. "त्यांच्याकडे शेंगदाणेही असतात. मिसळले असणार. तसं लिहून टाक," तो मला म्हणाला. मी लॅपटॉप उघडला. सप्लायर ही फार सोयीची चीज असते. तो खोलीत नसतो.

काकू इतका वेळ ओट्याशी उभं राहून आमच्यासाठी चहा करत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी कप ठेवले आणि म्हणाल्या, "काय शोधताय? कूट मी घातलंय."

कोणी चहाला हात लावला नाही.

काकूंनी सगळं अगदी सरळ सांगितलं. मंडळाची ऑर्डर होती. आपली माणसं, सणाचं जेवण. त्यांना तिळाची वांगी वाढायची? "अहो, नाक कापलं गेलं असतं आपलं. सोलापूरच्या बाईने बिनकुटाची वांगी केली म्हणून चारचौघींत बोलणं झालं असतं." म्हणून त्यांनी घरी दाणे भाजले, कूट केलं, आणि स्टीलच्या डब्यात घालून पिशवीतून आणलं. मंडळाची वांगी वेगळ्या पातेल्यात केली. पातेलं नंतर तीनदा घासलं, हेही सांगितलं. इथपर्यंत त्यांच्या मते सगळं रीतसर होतं.

"मग डब्यात कशी गेली?" मैत्रिणीने विचारलं.

"उरली ना थोडी. सहा डब्यांची. टाकायची होती का?"

अन्न टाकायचं नाही. बस, एवढंच. शेजारी लेबलांचं भेंडोळं पडलं होतं, डबे भरले, लेबल चिकटवलं, स्टॉलच्या खोक्यात ठेवले. मी पंधरा वर्षांत बॉयलरचे नाना तऱ्हेचे घोटाळे निस्तरले आहेत, पण 'टाकायची होती का' यात मला घोटाळा दिसेना. कारण मीही टाकली नसती. माझ्या फ्रीजमध्ये त्या क्षणी तीन दिवसांपूर्वीची आमटी होती.

"पण आई, तुम्हाला मी किती वेळा सांगितलंय," मैत्रीण म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, ते जास्त वाईट होतं.

"सांगितलंयस," काकू म्हणाल्या. "मला वाटलं ते इंग्रज लोकांना असतं."

नवरा फोन घेऊन बाहेर टायरवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. स्वतःच्या आईवर ओरडता येत नाही आणि बायकोसमोर गप्पही बसता येत नाही, अशा वेळी पुरुषांना फार महत्त्वाचे फोन येतात.

दुपारपर्यंत काहीतरी लेखी देणं भाग होतं. गार्डन सेंटरच्या बाईंनी स्पष्ट विचारलं होतं: काय झालं, आणि परत होणार नाही कशावरून? मैत्रिणीने पाच वर्षं उभं केलेलं सगळं त्या उत्तरावर लटकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी शॉवर कॅप सावरली आणि लिहिलं. मला जे येतं तेच लिहिलं. वीस मिनिटांत झालं, आणि चांगलं झालं. मैत्रिणीने वाचलं, एका ओळीवर थांबली, म्हणाली, "हे असंच लिहावं लागतं?"

"त्यांना हेच ऐकायचं असतं," मी म्हटलं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मलाही वाचून दाखव की. मराठीत."

आजवर माझं लिखाण कोणी मला मराठीत वाचून दाखवायला सांगितलं नव्हतं. मी सुरू केलं. "आमच्या एका प्रॉडक्टविषयी चिंता व्यक्त करण्यात आल्याचं आम्हाला समजलं आहे."

"कोणी व्यक्त केली?"

"त्या मुलीच्या आईने."

"मग तसं का नाही म्हणत?"

"तसं म्हणत नाहीत, काकू. ग्राहकांची सुरक्षितता हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे."

"हं. पुढे."

पुढची ओळ गाळावी असं वाटलं, पण थांबले असते तर त्यांनी विचारलंच असतं. "ही घटना एका व्यक्तीच्या चुकीमुळे घडल्याचं आढळून आलं असून, संबंधित व्यक्तीला उत्पादनातून कायमचं दूर करण्यात आलं आहे."

काकूंनी ओट्यावरचा चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "संबंधित व्यक्ती म्हणजे मी."

त्यांनी सुनेकडे बघितलं. "हे तू लिहायला सांगितलंस?"

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर काही नवीन नव्हतं. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात 'नाही काकू, मीच लिहिलं' हे चार शब्द सहज बसले असते. मला शब्दांचाच पगार मिळतो. मी एकही काढला नाही. शेवटी मैत्रीणच म्हणाली, "आई, कंपनीसाठी लिहावं लागतं असं."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "चुकले मी. दूर कर. पण ती मुलगी कशी आहे, ते यात कुठाय?"

ते कुठेच नव्हतं. मी परत वरपासून खालपर्यंत वाचलं. त्या पोरीचं त्यात नखसुद्धा नव्हतं.

काकूंनी डोक्यावरची जाळी काढली. कोट काढला, घडी घातली, ओट्यावर ठेवला. 'हेड शेफ' वर येईल अशी घडी घातली होती, की ती आपोआप तशी पडली, माहीत नाही. मग म्हणाल्या, "त्या बाईला फोन लाव. मी बोलते."

मी ताडकन उठले. इथे मला कामाचं काहीतरी सापडलं होतं. फोन करायचा नाही, चूक कबूल करायची नाही, इन्शुरन्सवाल्याला विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही, असं सगळं मी धडाधड सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कूट मी घातलं," त्या म्हणाल्या, "तर माफी तू कशी मागशील? तुला मागता तरी येईल का?"

मैत्रिणीने फोन लावला. स्पीकरवर ठेवला. ती बाई इथेच जन्मलेली, आईवडील साताऱ्याकडचे. काकूंना इंग्रजी येत नाही म्हटल्यावर ती बिचारी मराठीत आली.

"बाळा, मी वांगी करणारी बाई बोलतेय," काकू म्हणाल्या. "त्यात दाण्याचं कूट मी घातलं होतं. दुसऱ्या पातेल्यातलं उरलं, ते डब्यात भरलं. लेबलावर काय आहे ते बघितलं नाही. चूक माझी एकटीची आहे. पोर कशी आहे?"

तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आजी, ती ठीक आहे आता. झोपली आहे. पण मी खूप घाबरला. तिला श्वास नाही येत होता."

मुलीचा श्वास अडकला होता, हे ईमेलमध्ये नव्हतं. ईमेलमध्ये फक्त ओठ होते. काकू खाली बसल्या, तिथेच, कांद्याच्या पोत्यावर.

"माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या. "मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

"मी आज इट्स ओके नाही म्हणू शकत," ती बाई म्हणाली. "सॉरी." आणि मग, "पण तुम्ही सांगितला. बाकी कोणी नाही सांगत." तिने विचारलं, "आता तिथे कोण चेक करणार?"

"मी नसेन आता. मला दूर केलंय."

"मग कोणाला कळणार? तुम्हाला तर आता माहीत आहे. तुम्हीच चेक करा, आजी."

फोन चार मिनिटांत संपला. मी घड्याळ बघितलं होतं, सवयीने.

मी निवेदन परत लिहिलं. म्हणजे काकूंनी सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. दुसऱ्या पातेल्यातली वांगी, सहा डबे, चुकीचं लेबल, कोणी आणि का. पहिल्या ओळीत मुलगी कशी आहे ते. माझ्या बॉसने ते पाहिलं असतं तर मला ट्रेनिंगला पाठवलं असतं. इन्शुरन्सवाला सोमवारी खूप वैतागला. गार्डन सेंटरने उत्तराबद्दल आभार मानले आणि ऑर्डर बंद केली. माफी मागितली की सगळं मिळतं, असं काही नसतं. दोन फार्म शॉप्स राहिली. हळूहळू तिसरं आलं. मैत्रीण दोन बायकांना ठेवू शकली नाही, आणि त्याबद्दल ती अजूनही मध्येच गप्प होते.

काकू तीन आठवडे घरी बसल्या. पुन्हा खिडकीपाशी. फूड ऑफिसर येऊन गेला. भला माणूस, बूट पुसून आत आला. त्याने नियम घातला की घरचं काहीही किचनमध्ये येणार नाही, आणि दारात कोणीतरी रोज तपासायचं. कोणी तपासायचं यावर चर्चा झालीच नाही. मैत्रीण घरी गेली आणि कोट खिडकीशी ठेवून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकू दारात खुर्ची टाकून हजर.

आता त्या किचनमध्ये शिरणं हे विमानतळापेक्षा अवघड आहे. काकू सगळ्यांच्या पर्स उघडून घेतात, खिसे उलटे करायला लावतात. पोलिश बाईचं चॉकलेट त्यांनी नाकाला लावून परत केलं. स्वतःच्या मुलाच्या कोटातून खारे दाणे काढले आणि त्याला सर्वांसमोर रस्त्यापलीकडच्या बिनमध्ये टाकायला पाठवलं. अन्न टाकायला लावलं, काकूंनी. मला हे मैत्रिणीने सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो, आणि मग तिने विषय बदलला. ती ओळ कोणाची, हे तिने सासूला कधीच सांगितलं नाही. मला कधी बोलूनही दाखवलं नाही.

म्हणून एका दुपारी मी गेले. दारात काकू बसल्या होत्या. मैत्रीण आत वजनकाट्यापाशी होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकू, ती ओळ मी माझ्या मनाने लिहिली होती. तुम्हाला दूर केल्याची. तिने सांगितलं नव्हतं."

काकूंनी चष्मा वर केला.

"ते मला तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "माझी सून भांडते, पण असं नाही बोलत. तू कधी सांगतेस, ते बघत होते." त्यांनी बोटं मोजली. "दोन महिने लावलेस की गं. आणि काम म्हणे माफीचं करते."

मला बोलायचं होतं बरंच काही, आणि डोळ्यांत पाणी येतंय याचा रागही येत होता. मी फक्त म्हटलं, "चुकले, काकू."

"हं," काकू म्हणाल्या. "उघड पर्स."